हेल्गाचे घर

हॅरी पॉटरच्या पुस्तकांतल्या हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या चार घरांपैकी आपण कोणत्या घरात शोभलो असतो, हा प्रश्न वरवर पाहता मुलांच्या खेळातला वाटतो. मी मुंबईत मराठी माध्यमाच्या एका अनुदानित शाळेत शिकवते, आणि आठवीच्या मुलांपासून निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्यांपर्यंत अनेकांना हा प्रश्न मी मनापासून सोडवताना पाहिले आहे. जे. के. रोलिंग यांचे पहिले पुस्तक २६ जून १९९७ रोजी ब्रिटनमध्ये निघाले आणि सातवे २१ जुलै २००७ रोजी आले. त्या दहा वर्षांत शाळेत असलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत, तरी हा प्रश्न शिळा झालेला नाही. माणसाला आपण कोण आहोत हे कुणीतरी खात्रीने सांगावे असे वाटत असते, आणि डोक्यावर ठेवताच मन वाचून घर ठरवणाऱ्या तिथल्या टोपीइतका खात्रीचा माणूस आपल्या ओळखीत नसतो, हे त्यामागचे कारण असावे.

घरांची ओळख वाचकांना असेलच. ग्रिफिंडॉर धैर्यवानांचे, रेव्हनक्लॉ बुद्धिमंतांचे, स्लिदरिन महत्त्वाकांक्षी आणि धूर्त लोकांचे. आणि हफलपफ कष्टाळू, धीराच्या, निष्ठावान व न्यायाने वागणाऱ्यांचे. हे शेवटचे घर माझे आहे असे मला वाटते, आणि का वाटते ते नीट मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझ्या भाचीने मला इंटरनेटवरची घर ठरवणारी प्रश्नावली पाठवली होती. उत्तर हफलपफ आले, तेव्हा तिने हलक्या आवाजात विचारले, ‘मावशी, तुला वाईट नाही ना वाटलं?’ ती स्वतः रेव्हनक्लॉची आहे. तिच्या त्या प्रश्नात खरी आपुलकी होती, आणि म्हणूनच तो माझ्या मनात रेंगाळला. ग्रिफिंडॉर आलेल्या माणसाची समजूत काढायला कुणी जात नाही. स्लिदरिन आलेल्याचीही काढत नाहीत, उलट त्याच्याकडे थोडे कुतूहलाने पाहतात. हफलपफ आलेल्याला मात्र दिलासा द्यावासा वाटतो.

प्रश्नावलीवर मी फार विसंबत नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याचे ‘स्वतंत्र’ वर्णन दिले. ते तुमच्याशी किती जुळते याला पाचपैकी गुण द्या, असे त्याने सांगितले, आणि सरासरी निघाली ४.२६. प्रत्यक्षात सर्वांना दिलेले वर्णन शब्दशः एकच होते आणि त्यातली बरीच वाक्ये भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. दर रविवारच्या पुरवणीत राशिभविष्य वाचून ‘अगदी माझंच लिहिलंय’ म्हणणाऱ्या आपल्या घरांत या प्रयोगाचे नवल वाटू नये. ‘तुम्ही मेहनती आहात, पण तुमच्या मेहनतीची दखल घेतली जात नाही’ हे वाक्य चर्चगेटपासून विरारपर्यंतच्या कोणत्याही डब्यात मोठ्याने वाचले, तर सगळ्या माना डोलतील. मान डोलली म्हणून घर ठरत नाही. म्हणून मी प्रश्नावली बाजूला ठेवून खुद्द टोपीकडे वळते, कारण मूळ कथेत तिचे काम बरेच वेगळे चालते.

ही टोपी, म्हणजे सॉर्टिंग हॅट, हॅरीला सांगते की स्लिदरिनमध्ये तो मोठा होईल. हॅरी मनातल्या मनात आर्जव करतो की तेवढे घर नको, आणि टोपी त्याचे ऐकते. पुढे दुसऱ्या पुस्तकात, आपण मुळात स्लिदरिनचेच तर नाही ना या शंकेने तो पोखरला जातो, तेव्हा मुख्याध्यापक डंबलडोर त्याला समजावतात की माणूस कसा आहे हे त्याच्या अंगच्या गुणांपेक्षा त्याने केलेल्या निवडीतून अधिक दिसते. एवढ्यावर थांबले तर सूत्र सोपे होते: जे मागाल ते घर तुमचे. पण हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल लाँगबॉटमची गोष्ट हे सूत्र टिकू देत नाही. ग्रिफिंडॉरच्या शौर्याच्या लौकिकाने दबून गेलेल्या नेव्हिलने हफलपफ मागितले होते, असे लेखिकेने नंतर लिहिले आहे. टोपीने त्याच्याशी बराच वेळ वाद घातला आणि शेवटी त्याला ग्रिफिंडॉरमध्येच पाठवले. सातव्या पुस्तकात त्याच टोपीतून ग्रिफिंडॉरची तलवार उपसणारा नेव्हिल पाहिला की टोपीचा आग्रह पटतो.

एकाचे म्हणणे टोपी ऐकते आणि दुसऱ्याचे मोडून काढते. हे मला पुष्कळ दिवस सुटत नव्हते. माझ्या मते ती मागणीपेक्षा मागणीमागचे कारण पाहते. हॅरीने स्लिदरिन नाकारले ते त्याला तिथले जे काही दिसले होते ते नकोसे वाटले म्हणून. नेव्हिलने हफलपफ मागितले ते तिथे आपल्याकडून कुणी काही अपेक्षा करणार नाही, लपून राहता येईल, या आशेने. पहिली निवड होती, दुसरी माघार होती. तेव्हा मी हफलपफ माझे म्हणते, तर टोपी मलाही तेच विचारेल: बाई, तुम्ही हे घर पसंतीने मागता की धास्तीने? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर आधी बाकीच्या तीन घरांच्या दारात उभे राहून यावे लागेल.

स्लिदरिनबद्दल आपल्याकडच्या वाचकाने तरी घाईने मत बनवू नये असे मला वाटते, कारण माणसावर जन्मतःच शिक्का मारण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. पत्रिकेत सत्तावीस नक्षत्रांचे तीन गण केलेले असतात, नऊ नक्षत्रे देवगणाची, नऊ मनुष्यगणाची आणि नऊ राक्षसगणाची; छत्तीस गुणांच्या मेळात या गणाला सहा गुण असतात. माझ्या नात्यातली एक मुलगी केवळ राक्षसगणाची म्हणून दोन-तीन ठिकाणांहून नाकारली गेली. ती आमच्या घराण्यातली सर्वांत मायाळू मुलगी होती आणि आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढायची वेळ आली की सगळ्यांना तिचीच आठवण यायची. आश्लेषा नक्षत्रावर जन्मली यापलीकडे तिचा काही अपराध नव्हता. टोपी निदान अकराव्या वर्षापर्यंत थांबते आणि मुलाचे ऐकून घेते; गण तर नाळ कापण्याआधीच ठरलेला असतो.

स्लिदरिनवर असाच शिक्का आहे. त्या घरात रक्ताच्या शुद्धतेचे खूळ पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले ही गोष्ट खरी आहे, आणि जातीचा अनुभव असलेल्या समाजाला तिचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ते खूळ हे त्या घराचे पाप आहे. महत्त्वाकांक्षा हे पाप नव्हे. रात्रशाळेत शिकून, दिवसा दुकानात उभे राहून, अंधेरीत स्वतःचे वर्कशॉप काढणारा माणूस काही धैर्याच्या किंवा विद्वत्तेच्या जोरावर उभा राहत नाही. त्याला पुढे जायचे असते, आणि वाट नसेल तिथून वाट काढण्याचे कसब त्याच्याकडे असते. ही मुंबई अशा लोकांनी वसवली आहे. थोर जादूगार मर्लिन स्लिदरिनचा होता, आणि खलनायकाविरुद्ध जीव धोक्यात घालणारे रेगुलस ब्लॅक आणि सिव्हिरस स्नेपही. उलट मित्राचा घात करणारा पीटर पेटिग्र्यू ग्रिफिंडॉरचा. स्नेपचे धैर्य पाहून डंबलडोर एकदा म्हणतात की आपण मुलांची वाटणी फार लवकर करतो की काय. सगळ्या सात पुस्तकांत घरांविषयी याहून शहाणे वाक्य मला आढळलेले नाही. मी स्वतः मात्र त्या घरात राहू शकणार नाही. पुढे जाण्याची ओढ माझ्यात कमी आहे, आणि स्पर्धेत मला चैन पडत नाही.

ग्रिफिंडॉरबद्दल फार लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही. ते घर चांगलेच आहे, पण पुस्तकांचा कॅमेरा सतत तिथेच रोखलेला असल्यामुळे त्याचे गुण आपल्याला जरा जास्त मोठे दिसतात.

रेव्हनक्लॉचे दार मात्र मला मोहवते. बाकी ग्रिफिंडॉर आणि स्लिदरिनला परवलीचा शब्द लागतो. रेव्हनक्लॉच्या दारावर कांस्याचा गरुड असतो आणि तो प्रश्न विचारतो. आधी काय, फिनिक्स की ज्वाला? त्याच घरातली लूना लव्हगुड जराही न गोंधळता सांगते की वर्तुळाला आरंभ नसतो. उत्तर चुकले तर दुसऱ्या कुणाला बरोबर येईपर्यंत बाहेर थांबायचे. म्हणजे आपोआप शिकणे होते, असे ती वर हॅरीला सांगते. शिक्षिका म्हणून मला हे दार फार आवडते. मुलांना उत्तर सांगून टाकण्याची घाई सोडून त्यांना दुसऱ्याचे उत्तर ऐकायला थांबवून ठेवावे, ही गोष्ट कितीतरी प्रशिक्षणांतून सांगितली जाते, आणि इथे ती एका दाराच्या कडीने केलेली आहे.

तरीही त्याच दाराआत लूनाचे काय होते, हे विसरता येत नाही. तिच्या वर्गमैत्रिणी तिच्या वस्तू लपवतात, तिला वेडी ठरवतात, आणि वर्षाच्या शेवटी ती बिचारी भिंतीवर याद्या लावून आपल्याच वस्तू परत मागत फिरते. कोड्याचे उत्तर देता येणाऱ्या हुशार मुलींच्या खोलीत एका वेगळ्या मुलीला जागा नसते. गुणवत्तेची चाळणी लावून भरलेल्या खोलीत दयाळूपणा आपसूक येत नाही. तो मुद्दाम आणावा लागतो, आणि त्या घराच्या अटींत त्याचा उल्लेख नाही. भाचीशी माझा वाद इथेच सुरू होतो. तिचे म्हणणे असे की हा दोष त्या मुलींचा आहे, घराचा नव्हे. माझे म्हणणे असे की घर ज्या गोष्टीची मोजदाद करते, तीच गोष्ट त्या घरातली मुले मनाशी धरतात.

आता हफलपफ. पहिल्याच पुस्तकात शाळेचा रखवालदार हॅग्रिड सांगून टाकतो की हफलपफवाले म्हणजे ढ, असे सगळे म्हणतात. आणि आपल्यात काही खास नाही याची खात्री असलेला हॅरी लगेच म्हणतो की मग मी तिथेच जाणार. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हा संवाद कानओळखीचा वाटेल. आपल्या शाळांची टोपी म्हणजे तुकडी. नियमात कुठेही लिहिलेले नसते, तरी पिढ्यान्‌पिढ्या अ तुकडी हुशारांची आणि ड तुकडी उरलेल्यांची मानली गेली. अ तुकडीला अनुभवी शिक्षक, शिष्यवृत्तीचे जादा तास, प्रयोगशाळेच्या शेजारची खोली. ड तुकडीला जिन्याखालचा वर्ग आणि बदली शिक्षक. ‘कुठली तुकडी?’ हा चाळीतल्या काकांचा पहिला प्रश्न असायचा, आणि ‘ड’ हे उत्तर द्यायला मुले खाली बघायची.

अशी विभागणी किती खोल जाते, हे मला आमच्या क्रीडागटांवरून दिसते. लाल, निळा, हिरवा, पिवळा हे गट आम्ही हजेरीपत्रकाच्या क्रमाने पाडतो; पहिला लाल, दुसरा निळा, आणि पुढे तसेच. यात स्वभावाचा काही संबंध नसतो. तरी दिवाळीच्या सुट्टीआधीच मुले ठामपणे सांगू लागतात की निळे चिडके असतात आणि पिवळे दिलदार. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत हेच आढळले होते. दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रे आवडतात, एवढ्या किरकोळ निमित्ताने मुलांचे गट पाडले, आणि गटातली मुले एकमेकांना ओळखतही नसताना त्यांनी बक्षिसाचे पैसे वाटताना आपल्या गटाला झुकते माप दिले. अशा किरकोळ निमित्ताने पाडलेल्या गटाची ही कथा असेल, तर ज्या गटाला वर्षानुवर्षे ‘ढ’ म्हटले जाते त्यातल्या मुलाच्या मनात काय घर करत असेल?

म्हणूनच हेल्गा हफलपफ मला चारही संस्थापकांत सर्वांत मोठी वाटते. टोपीच्या गाण्यांत चौघांच्या अटी येतात. एकाला शूर मुले हवी होती, एकीला तल्लख, एकाला शुद्ध रक्ताची. हेल्गा म्हणाली की मी सगळ्यांना शिकवीन आणि सगळ्यांना सारखे वागवीन. पुष्कळ वाचक याचा अर्थ असा घेतात की बाकीच्यांनी निवडून उरलेली मुले तिच्या पदरात पडली. मला वाटते, त्या काळात आणि त्या तिघांच्या पंगतीत बसून असे म्हणायला विलक्षण स्पष्ट बुद्धी लागते. शिक्षण हा कुणाच्या लायकीचा प्रश्न नाही, हे तिला कळले होते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या तेराव्या कलमाने शाळाप्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. आमच्यासारख्या शाळा त्याच्या कितीतरी आधीपासून दारात येईल त्या मुलाचे नाव पटावर घेत आल्या आहेत. भाजी विकणाऱ्या बाईचा मुलगा, रात्रपाळीच्या वॉचमनची मुलगी, गावाहून वर्षाच्या मध्यात आलेली आणि तीन महिने एक शब्द न बोललेली पोर, सगळी एका बाकावर. त्या कलमाचे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हेल्गाची आठवण झाली होती.

या घराचे गुण लढाईच्या प्रसंगी चटकन दिसत नाहीत. ते रोजच्या व्यवहारात मुरलेले असतात, म्हणून ते बघायला थोडे जवळ जावे लागते. संध्याकाळी परळहून मुलुंडला जाणाऱ्या धीम्या गाडीच्या बायकांच्या डब्यात उभी राहणारी बाई सर्वांत आधी बसलेल्यांना विचारते, ‘कुठे उतरणार?’ कुणी ‘घाटकोपर’ म्हणाली की ती जागा विचारणारीची झाली. मग कुर्ल्याला गर्दी आत घुसते, नव्याने आलेली एखादी त्याच जागेसमोर येऊन उभी राहते आणि तोच प्रश्न विचारते. त्यावर बसलेली बाई मान हलवून सांगते, ‘सीट दिली आहे,’ आणि दोन माणसांपलीकडे उभ्या असलेल्या पहिल्या बाईकडे बोट दाखवते. तिला ती ओळखत नसते. पुन्हा कधी भेटेल याची शक्यता नसते. नियम कुठे लिहिलेला नाही, पाळला नाही तर दंड नाही, आणि तरीही घाटकोपर येते तेव्हा ती उठता उठता एक हात मागे ठेवून जागा धरते, पहिली बाई वाट काढत येऊन बसेपर्यंत. लांब पल्ल्याच्या रोजच्या गटांत तर अर्ध्या वाटेवर बसलेली उठते आणि उभी असलेलीला बसवते. थकलेल्या पायांनी न्यायाने वागणे ही सोपी गोष्ट नव्हे. ते तिन्हीसांजेला, घामाघूम असताना, कुणी बघत नसताना करावे लागते, आणि उद्या पुन्हा करावे लागते.

या गुणाचा अभावही पुस्तकात नेमका दाखवला आहे, आणि तोही याच घरातल्या मुलाकडून. सातव्या पुस्तकात, हॉगवर्ट्सवर हल्ला होतो त्या लढाईच्या रात्री लहान मुलांना बाहेर काढले जात असते, तेव्हा हफलपफचा झकरायस स्मिथ पहिल्या वर्षाच्या मुलांना ढकलून रांगेच्या पुढे जातो. त्याचे ते दोन सेकंदांचे वर्तन मला मोठ्या खलनायकांच्या दुष्टपणापेक्षा अधिक लागते, कारण रांग मोडणे म्हणजे हेल्गाचे घर मोडणे.

उलट याच घरातला सेड्रिक डिगरी. उडत्या झाडूंवर खेळल्या जाणाऱ्या क्विडिचच्या सामन्यात डिमेंटर, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणारे भयाण जीव, आले म्हणून हॅरी झाडूवरून पडला आणि त्याच वेळी सेड्रिकने सामना संपवणारा स्निच हा चेंडू पकडला. नियमाने तो जिंकला होता, पंचांचेही काही म्हणणे नव्हते. तरी काय घडले ते कळताच त्याने सामना पुन्हा घेण्याची मागणी केली. पुढे ट्रायविझर्ड या जादूशाळांमधल्या स्पर्धेत हॅरीने त्याला ड्रॅगनची आगाऊ सूचना दिली होती, तेव्हा सोन्याच्या अंड्याचे रहस्य उकलण्याची युक्ती सांगून त्याने ते ऋण फेडले. चषक समोर असताना, ज्या घराने शतकांत असा मान पाहिला नव्हता त्या घराचा हा मुलगा म्हणाला की चषक तू घे, तुझा हक्क मोठा आहे. त्याला जिंकायचे नव्हते असे नाही. त्याच्या चेहऱ्यावर मोह स्पष्ट दिसत होता, असे हॅरी पाहतो. मोह असताना मागे सरणे यात जे बळ आहे, ते अंगावर धावून जाण्याच्या बळापेक्षा तसूभरही कमी नाही.

इथपर्यंत आल्यावर एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे, आणि तो माझ्या वर्गातूनच पुढे आला. आमच्या विज्ञान प्रदर्शनात अ तुकडीच्या मुलांनी पवनचक्कीची प्रतिकृती मांडली होती, तिच्यावरचा दिवा काही केल्या पेटेना, कारण सेलच्या टोकाशी तार सुटत होती. चिकटपट्टी लावून झाली, पुन्हा सुटली. परीक्षक समोरच्या टेबलापाशी आले तेव्हा माझ्या ड तुकडीतला एक मुलगा काही न बोलता टेबलाखाली शिरला आणि दोन्ही अंगठ्यांनी तार सेलला दाबून बसला. कापडाच्या झालरीखालून मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. दिवा लागला, आणि परीक्षक पुढे जाईपर्यंत लागलेला राहिला. प्रतिकृतीला दुसरे बक्षीस मिळाले, प्रमाणपत्रावर चार नावे होती, त्यात याचे नव्हते. त्याच्या स्वतःच्या गटाच्या टेबलाशी तेवढा वेळ बोलायला कुणीच नव्हते.

मी त्याला विचारले की तू का गेलास. तो म्हणाला, ‘बाई, त्यांनी किती मेहनत केली होती.’

या मुलाला हफलपफ म्हणून मी गौरवीन. पण त्याच वेळी प्रमाणपत्रावर पाचवे नाव घालून घ्यायला मी मुख्याध्यापकांकडे गेले, आणि ते घातले गेले. कष्टाळू माणसाच्या स्तुतीत एक धोका दडलेला असतो, आणि मुंबईला तो चांगलाच ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, चहा-बिस्किटे वाटली, मानवी साखळ्या करून मुलांना पाण्यातून काढले. त्यानंतर दर आपत्तीला या शहराच्या जिगरबाज वृत्तीचे पोवाडे गायले जातात, आणि गटारे कुणी साफ करायची होती हा प्रश्न त्या पोवाड्यांत वाहून जातो. सोसणाऱ्याला सोसण्याबद्दल शाबासकी देत राहिले की त्याला न्याय देण्याची गरज उरत नाही.

हॉगवर्ट्समध्येही हे घडते. हफलपफचे तळघर स्वयंपाकघराला लागून आहे. त्या स्वयंपाकघरात शंभराहून अधिक घरएल्फ, म्हणजे घरकाम करणारे छोटे जादूई जीव, बिनपगारी राबतात. त्यांच्या हक्कांसाठी संघटना काढून बिल्ले वाटत फिरते ती हॅरीची मैत्रीण हर्मायनी, म्हणजे सात मजले वर राहणारी ग्रिफिंडॉरची मुलगी. शेजारी राहणाऱ्या, न्यायाचे व्रत सांगणाऱ्या, कष्टाची किंमत जाणणाऱ्या हफलपफच्या मुलांपैकी कुणी हा प्रश्न विचारल्याचे पुस्तकांत कुठे दिसत नाही. ती भिंतीपलीकडची भांड्यांची खळखळ रोज ऐकत असणार. माझ्या आवडत्या घरावरचा हा मला सर्वांत गंभीर आरोप वाटतो. न्याय म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या रांगेत नीट उभे राहणे एवढेच नसते. रांग कुणी लावली आणि कोण रांगेतच नाही, हेही विचारावे लागते.

म्हणून टोपीच्या प्रश्नाचे माझे उत्तर मला आता देता येते. नेव्हिलसारखी लपायला मी या घरात जात नाही. शौर्याची मला धास्ती नाही. शाळेत संस्थाचालकांपुढे उभे राहून बोलायची वेळ आली तेव्हा मी बोलले आहे. हुशारीचेही मला वावडे नाही. चार घरांतले हे एकच घर असे आहे की ज्याच्या दारात माझी ड तुकडी अख्खीच्या अख्खी उभी राहिली तर आत घेतली जाईल, आणि ज्या घरात माझा निम्मा वर्ग बाहेर राहणार, तिथे मला कोच देऊन बसवले तरी मी बसणार नाही. लढाईच्या त्या रात्री थांबायचे की जायचे हे मोठ्या मुलांवर सोपवले गेले, तेव्हा स्लिदरिनचे टेबल पूर्ण रिकामे झाले, रेव्हनक्लॉचे काही जण थांबले, हफलपफचे त्याहून अधिक थांबले, आणि ग्रिफिंडॉरचे निम्मे. हा प्रसंग मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा हफलपफचे नाव येताच मागच्या बाकांवर जी चुळबूळ होते, ती मला ओळखू येते.

त्या तळघराला परवलीचा शब्द नाही. कोपऱ्यात रचलेल्या पिंपांपैकी ठरावीक पिंपावर हेल्गाच्या नावाच्या तालात टकटक करायची. पिंप चुकले तर अंगावर व्हिनेगर उडते. ताल मी शिकून घेईन. आत सामान ठेवले की मी त्या घरातल्या मुलांना बरोबर घेऊन शेजारच्या स्वयंपाकघरात जाईन, आणि तिथे राबणाऱ्यांना आधी त्यांची नावे विचारेन आणि मग रजा कोणत्या दिवशी असते ते विचारेन.